मातीचा नमुना पास झाला, मालाचे काय?

कापडाच्या धंद्यात नमुन्याची चिंधी पसंत पडली म्हणजे सारी गाठ पसंत पडली, असे आम्ही धरत नाही. गाठ उघडायची, थान मोजायचे, रंग घासून पाहायचा, मगच बिलाची गोष्ट. पुतळ्याच्या कामात हा रिवाज सुटला की काय होते, ते आमच्या कट्ट्यापासून जवळच, मालवणच्या राजकोट किल्ल्यात साऱ्या देशाने पाहिले.

४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे व्हायच्या आत, तो कोसळला. शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांच्यावर मालवण पोलिसांत गुन्हा दाखल झाला. राजकारण व्हायचे ते झाले, त्यात आम्हांला पडायचे नाही. आमची नजर अडकली ती कला संचालकांच्या एका खुलाशावर. मंजुरी दिली होती ती ६ फुटी मातीच्या नमुन्याला, पुतळा ३५ फुटी होणार हे कळवलेलेच नव्हते, असे ते म्हणाले.

मातीचे काम कोकणी माणसाला नवे नाही. पुतळा पडला तेव्हा गणेशचतुर्थी बारा दिवसांवर होती आणि शाळाशाळांतून शाडूच्या मूर्ती सुकत होत्या. शिल्पकाराची माती मात्र सुकू द्यायची नसते. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, वर माती, आणि तडे जाऊ नयेत म्हणून ओल्या कापडात गुंडाळून ठेवायचे. (जुन्या मांजरपाटाला एवढी इज्जत दुसरीकडे कुठे मिळत नसावी!) त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेण, आणि मग तुकड्यातुकड्यांनी धातूचे ओतकाम व जोडकाम. मातीत चेहरा, पेहराव, उभे राहण्याची ऐट पाहता येते. जोड, बोल्ट, आतला सांगाडा मातीत दिसतच नाही.

आणि हिशेब पाहा. ६ फुटांचे ३५ फूट म्हणजे उंची सहापटीच्या आसपास, पण वारा अडवणारा पृष्ठभाग सुमारे ३४ पट आणि घनफळ जवळजवळ २०० पट. नमुना उभा राहिला म्हणून माल उभा राहील, याची हमी कोण देणार? पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नटबोल्ट गंजल्याचे कळवले होते. खारा वारा काय करतो हे येथल्या कोणत्याही होडीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते.

नव्या ६० फुटी पुतळ्याचे काम राम सुतार यांच्या संस्थेकडे गेले आणि ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. या खेपेस निविदेतच अटी होत्या: आधी ३ फुटी फायबरचा नमुना, त्याला कला संचालनालयाची मान्यता, पुतळ्याची १०० वर्षांची हमी आणि १० वर्षे देखभाल ठेकेदाराकडे.

अशी हमी देणे लहान ओतकामवाल्याच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या ताकदीबाहेरचे आहे. पण पोटठेका घेताना त्याने एवढे तरी कागदावर मागावे: नमुन्याची उंची, मालाची उंची, धातू कोणता, बोल्ट कोणत्या जातीचा, सांगाड्याचा नकाशा कोणी तपासला, आणि पास करणाऱ्याची सही नमुन्यावर एक व तयार मालावर दुसरी.