समन्स नाकारलं, म्हणून दावा थांबत नाही

‘बेलिफ आला होता, पण आम्ही समन्स घेतलंच नाही. आता बघू कशी चालते केस!’ बारामतीच्या कोर्टाच्या आवारात हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता संताप येतो. वाटणीच्या, बांधाच्या, रस्त्याच्या दाव्यासाठी इंदापूरकडून आलेली माणसं हे अगदी जिंकल्यासारखं सांगतात. गावातल्याच कुणी शहाण्यानं त्यांना तसं पढवलेलं असतं.

केस चालते. बेलिफ ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून जातो आणि कोर्टाच्या लेखी समन्स बजावलं गेलेलं असतं. कुणी तोंडच चुकवत असेल, तर समन्स दारावर चिकटवतात, वर्तमानपत्रातही जाहीर करतात. बजावणीपासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, कारण दाखवून फार तर ९० दिवसांत (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ८, नियम १). तुम्ही फिरकलाच नाहीत, तर दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच. आणि ‘मला कळलंच नाही’ म्हणायची वाट त्या नकाराच्या शेऱ्यानं बंद केलेली असते.

‘कोर्ट त्यांचंच, जाऊन काय उपयोग?’ असंही ऐकवलं जातं. महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी झगडणाऱ्यांना हे म्हणायला किती मोठं कारण होतं! १२ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लागला, १४ तारखेला तळ्यावर जायला तात्पुरती मनाई आली. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो लोक जमले होते, तरी बाबासाहेबांनी मनाई मोडली नाही. ते कोर्टात उभे राहिले. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली. दावा १९३१ मध्ये महाडला फेटाळला गेला, अपील १९३३ मध्ये ठाण्याला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात फेटाळलं गेलं. नऊ वर्षांहून जास्त काळ तारखा सांभाळल्या, तेव्हा तो निकाल हाती आला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘९० दिवस उलटले की सगळं संपलं’: साध्या दिवाणी दाव्यात तसं नाही, अपवादात्मक कारण असेल तर कोर्ट मुदत वाढवू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलंय. ‘उशीर माफ करून घेऊ’: मुदत कायद्याचं कलम ५ अपील आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. ‘अडवलेल्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे कधीही जाता येतं’: मामलेदार न्यायालय कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. ‘सरकारवर उद्याच दावा लावू’: आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

बेलिफ दारात आला, तर सही करून समन्स घ्या, त्यावरची तारीख वाचा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.