कुमारवयातील नैराश्य : आळस नव्हे, आजार

शाळेत नियमित येणारा, फळ्यापुढे धिटाईने उभा राहणारा नववीतला मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर मागच्या बाकावर जाऊन बसू लागतो. कबड्डीच्या संघातून नाव काढून घेतो. डोके दुखते, पोट दुखते म्हणून वरचेवर घरी राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणीत काही निघत नाही. वडील म्हणतात, अंगात आळस भरला आहे. आजी दृष्ट काढते. प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा पडतो. प्रत्येकाचा हेतू चांगलाच. परंतु मुलास नैराश्याचा आजार जडला असेल, ही शंका कोणालाच येत नाही.

याचे एक कारण असे की, नैराश्य म्हटले की रडवेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. कुमारवयात मात्र पुष्कळदा दुःखाऐवजी चिडचिड दिसते आणि तिला उद्धटपणा समजून शिक्षा केली जाते. आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, एकाग्रता ढळणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे ही लक्षणे किमान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली आणि त्यांमुळे शाळा, घर व मैत्री यांत अडथळा येऊ लागला, म्हणजे डॉक्टर त्यास आजार मानतात. नापास झाल्यावर चार दिवस वाटणारी खंत म्हणजे नैराश्य नव्हे.

आनुवंशिकता, घरातील कलह, आप्ताचा मृत्यू, मारहाण वा छळ, नापिकीमुळे आलेली ओढग्रस्त अशी अनेक कारणे एकत्र येतात. वयात आल्यानंतर मुलींमध्ये या आजाराचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट आढळते. बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. सौम्य आजारात प्रशिक्षित समुपदेशकाशी नियमित संवाद पुष्कळदा पुरेसा ठरतो. 'मला काहीच जमत नाही' या विचाराची मुलाकडूनच तपासणी करवून घेणे आणि सुटलेले खेळ, सुटलेले मित्र थोडेथोडे पुन्हा जोडणे, असे या पद्धतीचे स्वरूप असते. आजार तीव्र असल्यास औषधांची जोड लागते. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर संवादोपचार व फ्लुऑक्सेटिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुले सुधारली. केवळ औषधाने ६१, केवळ संवादोपचाराने ४३ आणि औषध नसलेल्या गोळीने ३५ टक्के. ही औषधे झोपेच्या गोळ्या नव्हेत व त्यांचे व्यसन लागत नाही. गुण येण्यास काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात काही मुलांची बेचैनी व आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा बारकाईने लक्ष ठेवावे लागते. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करणे हा नेहमीचा घोटाळा. डॉक्टर ते पुढेही काही महिने चालू ठेवतात.

'जगण्यात अर्थ नाही' असे मूल बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नये. जीव देण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. उलट मूल मोकळे होते. शेतकऱ्याच्या घरी आणखी एक दक्षता आवश्यक आहे : कीटकनाशके माजघरात न ठेवता कुलुपात ठेवावीत. अशा प्रयत्नाची पोलिसी कारवाईच्या भीतीने लपवाछपवी करण्याचेही कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानतो व तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तपासणी व औषधे मिळतात. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क व मराठीतही सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिण्यास खडूपलीकडे खर्च नाही. मूल स्वतःहून रुग्णालयात जाईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. पहिल्या खेपेस वर्गशिक्षक किंवा घरातील कोणी सोबत जाणे इष्ट.