‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

डेटाबेस सर्व्हर हा नोंदी सांभाळणारा आणि मागणी येईल तशा त्या पुरवणारा संगणक. काउंटरवरच्या संगणकात नोंदी नसतात. तो फक्त मागणी करतो. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून रत्नागिरीच्या खातेदारालाही हा सर्व्हर परका राहिलेला नाही. उतारा निघाला नाही की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ठरलेले. प्रत्यक्षात बिचारा सर्व्हर बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि बिघाड वाटेत कुठेतरी असतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरेही बंद पडले. अशा वेळी दूरचा सर्व्हर चालू असला तरी इथून त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? म्हणून तपासणीची सुरुवात आपल्या टोकापासून करावी. केबल घट्ट आहे का, राउटरचे दिवे लागलेत का, इतर संकेतस्थळे उघडतात का, हे दोन मिनिटांत कळते.

त्यानंतर पडद्यावरचा संदेश वाचावा. तो इंग्रजीत असतो, म्हणून न वाचताच खिडकी बंद केली जाते, आणि खरी चूक तिथेच होते. जोडणी लगेच नाकारली गेली, तर सहसा सर्व्हरचा संगणक चालू आहे, पण त्यावरची डेटाबेस सेवा बंद आहे किंवा आपण चुकीच्या पोर्टवर, म्हणजे सेवेच्या चुकीच्या क्रमांकाच्या दारावर, गेलो आहोत. डेटाबेसच्या प्रोग्रॅमपैकी मायएसक्यूएल सामान्यपणे 3306, पोस्टग्रेस 5432, तर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर 1433 या पोर्टवर असतो. बराच वेळ थांबून ‘वेळ संपली’ असा संदेश आला, तर निरोप पोहोचलाच नाही असे समजावे: पत्ता चुकला असेल, फायरवॉलने अडवले असेल किंवा मार्ग तुटला असेल. परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर वाट मोकळी आहे. गडबड नाव, पासवर्ड किंवा अधिकारांची आहे. अशा वेळी केबल हलवत बसण्यात अर्थ नाही.

पत्त्याचा घोटाळा छोट्या कार्यालयांत नेहमीचा. समजा, एखाद्या पतसंस्थेत सर्व्हरचा पत्ता 192.168.1.10 आहे आणि काउंटरच्या संगणकांत तोच भरलेला आहे. वीज गेली, आली, राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने सर्व्हरला 192.168.1.14 देऊन टाकला. सर्व्हर चालू, सेवा चालू, तरी काउंटर ठप्प! सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून दिला की हा त्रास संपतो.

कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. वीज अचानक गेली की डेटाबेसचे काही काम अर्धवट राहते. पुन्हा सुरू होताना तो आपली कामाची नोंदवही वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार पक्के करतो, अर्धवट मागे घेतो. तेवढा वेळ तो कुणालाच आत घेत नाही. पोस्टग्रेस तर ‘सुरू होत आहे’ असे स्पष्ट सांगतो. पण समोर रांग वाढत असते, धीर सुटतो आणि कुणीतरी बटण दाबून यंत्र पुन्हा बंद करते. मग दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला कधीकधी लागू पडतो, हे खरे. पण बिघाडाचे कारण मात्र त्यात हाती लागत नाही. आधी सर्व्हरची लॉग फाइल पाहावी. डिस्क भरली असेल तर ते तिथे सापडते.

सगळे ठीक असून काहींनाच जोडणी मिळत असेल, तर गर्दी झालेली असू शकते. एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मूळ मांडणीत पोस्टग्रेसमध्ये 100, तर मायएसक्यूएलमध्ये 151 असते. ती वाढवता येते, पण काम झाल्यावर जोडणी न सोडणारा प्रोग्रॅम आधी शोधलेला बरा. नाहीतर वाढवलेली मर्यादाही भरते.

तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढून ठेवावा. कोणत्या वेळी, कोणत्या संगणकावर आणि शेजारच्या संगणकावरही असेच होते का, एवढे सांगितले तरी त्याचे निम्मे काम वाचते.