खिळा वाकतो म्हणून

लाकूड तंतूंच्या दिशेने जितके बळकट, तितकेच त्यांच्या आडव्या दिशेने दुर्बळ. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते तेही रुंदीच्या फुगण्याने, लांबीच्या नव्हे, हे कोणताही सुतार सांगेल. या स्वभावदोषावर युरोपातील अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा की, फळ्यांचे तीन, पाच किंवा सात थर एकमेकांशी काटकोनात रचून चिकटविले म्हणजे प्रत्येक थर शेजारच्याची हालचाल रोखतो आणि भिंतीएवढा अखंड तक्ता सिद्ध होतो.

अशा तक्त्यांची सात मजली, सुमारे २३.५ मीटर उंच इमारत इटालियन संशोधकांनी २००७ साली जपानमधील मिकी येथील प्रचंड कंपनमंचावर उभारली आणि १९९५ च्या कोबे भूकंपाच्या नोंदीबरहुकूम तिला हादरविले. इमारत उभी राहिली. परंतु त्याचे श्रेय एकट्या लाकडाला देणे अन्यायाचे होईल, कारण तक्ता ताठर असतो, आणि भूकंपाची ऊर्जा पचविली ती सांध्यांतील पोलादी पट्ट्यांनी व वाकणाऱ्या खिळ्यांनी. वरच्या मजल्यांवरील प्रवेग मात्र तीव्र होता. घर शाबूत राहिले तरी फडताळातील भांड्यांची हमी कोण देणार?

आगीचे प्रकरण अधिक नाजूक. जाड लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या संथ गतीने कोळशात रूपांतरित होते व तो कोळसाच आतील भागाचे रक्षण करतो; पण उष्णतेने चिकटद्रव्य सैल पडून जळका थर गळाला, तर खालचे ताजे लाकूड ज्वाळांना आयतेच मिळते. म्हणूनच अशा तक्त्यांसाठीच्या उत्तर अमेरिकेच्या मानकाने २०१८ साली चिकटद्रव्यांच्या अग्निपरीक्षेची तरतूद कडक केली.