फोनचं दुखणं आधी फोनलाच विचारा

फोन अडकायला लागतो, बॅटरी दुपारीच मान टाकते, ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते. मग घरातलं कुणीतरी उपाय सांगतं : सगळी ॲप्स बंद कर, एखादं क्लीनर टाक, नाहीतर सरळ रीसेट मार. यातले बरेच उपाय जुन्या फोनांच्या काळातले आहेत. आजचा फोन कुठल्या ॲपने किती बॅटरी खाल्ली, जागा कशाने भरली, याची नोंद स्वतः ठेवतो. ती न वाचता उपाय केला तर दुखणं तसंच राहतं आणि कधी फोटो, तर कधी खात्यातले पैसे धोक्यात येतात. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज इथे तपासून पाहू.

मेनूंची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. पण सेटिंग्जमध्ये शोधाची चौकट असते. तिथे ‘बॅटरी’ किंवा ‘स्टोरेज’ लिहिलं की हवं ते पान सापडतं. इंग्रजी मेनू अवघड वाटत असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते.

गैरसमज : ॲप्स सारखी सरकवून बंद केली की फोन पळतो आणि बॅटरी वाचते.

वस्तुस्थिती : अलीकडच्या ॲप्सच्या यादीत दिसणारी सगळी ॲप्स चालू नसतात. बहुतेक रॅममध्ये गोठून पडलेली असतात. रॅम रिकामी ठेवून काही मिळत नाही. जागा कमी पडली की कुठलं ॲप बाहेर काढायचं ते फोन स्वतः ठरवतो. तुम्ही व्हॉट्सॲप सरकवून टाकलंत की पुढच्या वेळी ते मुळापासून उघडावं लागतं, त्यात प्रोसेसर जास्त राबतो आणि बॅटरीही जास्त जाते. रोज लागणारा मिसळणाचा डबा प्रत्येक फोडणीनंतर माळ्यावर ठेवण्यासारखंच हे.

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या ॲप्सना आवरण्याची सोय फोनमध्येच आहे. २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये ‘डोझ’ आलं : फोन हलवाहलव न होता पडून असला की ॲप्सची कामं थोपवली जातात. २०१८च्या अँड्रॉइड ९मध्ये ‘ॲडॅप्टिव्ह बॅटरी’ आली. क्वचित वापरल्या जाणाऱ्या ॲप्सना ती कमी संधी देते. एखादं ॲप अडकलं असेल तर ते जरूर बंद करावं. पण सवय म्हणून सगळी झाडून टाकू नयेत.

गैरसमज : क्लीनर किंवा बूस्टर ॲप टाकलं की फोन साफ होतो.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागात पडणारा समज आहे. अँड्रॉइड ६पासून बाहेरच्या साध्या ॲपला दुसऱ्या ॲप्सची कॅशे परस्पर पुसता येत नाही. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून अशा ॲपला दुसऱ्या ॲप्सच्या पार्श्वभूमीवरच्या प्रक्रियाही बंद करता येत नाहीत. मग ‘२ जीबी मोकळे केले’ असं दाखवणारं ॲप नेमकं काय करतं? बऱ्याचदा फक्त आकडे आणि जाहिराती दाखवतं. काही ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी असलेली ही परवानगी मिळाली की ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेची माहिती चोरणारी ॲप्स नेमकी हीच वाट वापरतात.

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून ५९ ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉकचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर आणि डीयू बॅटरी सेव्हरही होती. सफाईचं हे काम फोनच्या स्टोरेज पानावर, सॅमसंगमध्ये ‘डिव्हाइस केअर’मध्ये, किंवा गुगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये होतं.

गैरसमज : जागा भरली म्हणजे फोटो पुसायचे.

वस्तुस्थिती : आधी कुठली जागा भरली ते पाहा. फोनमधली जागा वेगळी आणि गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबीची मोफत जागा वेगळी. खात्यातल्या जागेत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचाही वाटा असतो. बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमधून एखादा फोटो पुसला, तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. फोन हलका करायचा असेल तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत त्याने निघते. पुसलेले फोटो काही दिवस ‘ट्रॅश’मध्ये असतात, त्यामुळे चूक झाली तर तिथे ताबडतोब शोधा.

आपल्याकडे जागा खाण्यात सुप्रभातच्या चित्रांचा आणि फिरत आलेल्या व्हिडिओंचा वाटा मोठा असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीहून मोठ्या फाइल्स तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. जवळच मीडिया आपोआप उतरवणं बंद करण्याची सोय आहे. आयफोनमध्ये न वापरलेलं ॲप ‘ऑफलोड’ करता येतं : ॲप जातं, त्यातली माहिती राहते.

गैरसमज : ‘कॅशे’ आणि ‘डेटा’ पुसणं सारखंच.

वस्तुस्थिती : कॅशे ही तात्पुरती साठवण आहे, पुसली तरी पुन्हा तयार होते. डेटा पुसला की ॲप नव्याने बसवल्यासारखं कोरं होतं. यूपीआयच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागते. बॅकअप नसेल तर व्हॉट्सॲपमधले संवाद जाऊ शकतात. म्हणून बटण दाबण्याआधी शब्द नीट वाचा.

गैरसमज : बॅटरी शून्यावर उतरवून मगच पूर्ण भरावी.

वस्तुस्थिती : ही सवय निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला तिचा उपयोग नाही. उलट वारंवार शून्यावर नेल्याने तिची झीज होते. रात्रभर चार्जरला लावलेला फोन भरला की विद्युतप्रवाह थांबवतो, तो ‘जास्त’ भरत नाही. मात्र उष्णता आणि तासन्‌तास १०० टक्क्यांवर राहणं यांनी बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून ॲपलने २०१९मध्ये सवय ओळखून चार्ज करण्याची सोय दिली आणि २०२३च्या आयफोन १५मध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची. अशा सोयी अनेक अँड्रॉइड फोनांतही आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा चार्जिंग चालू असताना उशीखाली फोन ठेवू नका, हे मात्र कुठल्याही सेटिंगहून महत्त्वाचं.

बॅटरी लवकर उतरत असेल तर ‘बॅटरी वापर’ हे पान पाहा. एखादंच ॲप वर दिसलं तर त्याचा पार्श्वभूमीवरचा वापर मर्यादित करा. घाटात किंवा खोऱ्यातल्या गावात सिग्नल कमजोर असेल, तर तो धरून ठेवण्यात फोनची शक्ती जाते. तिथे दोष ॲपचा नसतो. डार्क मोडने ओएलईडी पडद्यावर बचत होते, एलसीडीवर जवळजवळ नाही.

गैरसमज : अपडेट मुद्दाम फोन मंद करण्यासाठी असतात.

वस्तुस्थिती : या समजामागे एक खरी घटना आहे. जुनी बॅटरी ताण सहन न होऊन फोन अचानक बंद पडू नये, म्हणून आपण आयफोनचा वेग कमी करतो, असं ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केलं. ग्राहकांना हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, ही तक्रार रास्तच होती. त्यानंतर मार्च २०१८च्या आयओएस ११.३मध्ये ‘बॅटरी हेल्थ’ हे पान आलं. अशा मंद फोनांना नवी बॅटरी बसवली की वेग परत येत होता. यातून शिकायचं ते हे, की जुना फोन फेकण्याआधी बॅटरीचं आरोग्य तपासा. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतली जुळवाजुळव करतो, तेव्हा तो थोडा गरम आणि मंद वाटू शकतो. पण अपडेट टाळलं तर सुरक्षेची सापडलेली भगदाडं उघडीच राहतात, आणि त्याच फोनवर आपण बँकेचे व्यवहार करतो.

मग फोन बिघडला तर क्रम काय? आधी फोन रीस्टार्ट करा. मग बॅटरी आणि स्टोरेजची पानं वाचा. तरी सुटलं नाही तर अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू करा, त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स बंद असतात. तिथे फोन सुरळीत चालला तर दोष त्यांच्यातल्याच एखाद्याचा, म्हणून अलीकडे टाकलेली एकेक काढून पाहा. रीसेट शेवटी, आणि तोही बॅकअप घेऊन. यातलं काहीही करायला पैसे लागत नाहीत की कुणा अनोळखी ॲपला परवानगी द्यावी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना बॅटरी आणि स्टोरेजची ही दोन पानं एकदा शेजारी बसून दाखवा. पुढच्या वेळी ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी जाहिरात चमकली, तर ती दाबण्याऐवजी त्यांचा हात सेटिंग्जकडे जाईल.