इलेक्ट्रिक बाटलीतला पानांचा चहा

चहाची इलेक्ट्रिक बाटली म्हणजे तळाशी हीटर बसवलेली स्टीलची बाटली. तिच्यात ३०० ते ५०० मिलिलिटर पाणी मावते, झाकणाखाली पत्ती ठेवायला जाळीची गाळणी असते, अंगावर तापमान ठरवण्याचे बटण असते आणि पाणी तापले की वायर काढून बाटली पिशवीत टाकता येते. दुकानांत ती ‘ट्रॅव्हल केटल’ म्हणून मिळते. चेन्नईत तिचा उपयोग कुणाला होतो हे ओळखणे अवघड नाही. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत काम करणारी आणि पेइंग गेस्ट म्हणून राहणारी तरुण मुले, शिकायला आलेले विद्यार्थी, रुग्णाला घेऊन आलेले आणि रुग्णालयाजवळच्या लॉजवर आठवडेच्या आठवडे काढणारे नातेवाईक, यांच्यापैकी कुणाच्याही खोलीत शेगडी नसते. खाली उतरले की कोपऱ्यावर दुधाचा, साखरेचा, कडक चहा मिळतो आणि तो उत्तमही असतो. पण चांगल्या पानांचा कोरा चहा त्या टपरीवर मिळत नाही. तो हवा असेल तर खोलीतच करावा लागतो.

बाटलीची ताकद बेताची असते. घरातली मोठी किटली १५०० वॅटची, तर ही साधारण ३०० वॅटची. चेन्नईत नळाचे किंवा कॅनचे पाणी ३० अंशांच्या आसपासच असते. तिथून ३५० मिलिलिटर पाणी १०० अंशांवर न्यायला सुमारे १०३ किलोज्यूल उष्णता लागते. ३०० वॅटचा हीटर ती गणिताने पावणेसहा मिनिटांत देतो. काही उष्णता बाटलीच्या भिंतींतून आणि वाफेवाटे निसटते, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ मिनिटे धरावीत. एका युनिट विजेत असे पाणी पंचवीसेक वेळा उकळता येते. २३० व्होल्टवर ही बाटली सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, म्हणून तिला गिझरचा जाड पिनांचा सॉकेट लागत नाही. तळाशी बसवलेला तापमानाचा सेन्सर ठरलेला अंश गाठताच प्रवाह तोडतो. पाणी संपून तळ कोरडा पडला तर प्रवाह तोडणारी दुसरी सोयही असायला हवी. ती नसलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

बाटलीचा खरा उपयोग समजायला चहा करण्याच्या दोन रीती वेगळ्या ओळखाव्या लागतात. महाराष्ट्रात आधण ठेवायचे, त्यात साखर, आले आणि पावडर टाकून ते उकळायचे, वरून दूध घालून पुन्हा उकळी आणायची, ही घरोघरची पद्धत. यात पाणी तापणे आणि पत्तीचा अर्क उतरणे एकाच भांड्यात, एकाच वेळी घडते. चेन्नईच्या टी कडैमध्ये, म्हणजे चहाच्या टपरीवर, मात्र ही दोन कामे पूर्वीपासून वेगळी आहेत. बॉयलरमध्ये नुसते पाणी खदखदत असते. टी मास्टर कापडी गाळणीत बारीक पूड धरून त्यावर ते पाणी ओततो, उतरलेला दाट अर्क गरम दुधात मिसळतो आणि उंचावरून ओतून फेस आणतो. पूड स्वतः आगीवर कधी चढत नाही. इलेक्ट्रिक बाटली टपरीवरच्या याच रीतीची आहे, आणि मराठी घरातून आलेला माणूस तिच्यात घरचा चहा उकळू पाहतो तेव्हा नेमका तिथे घोटाळा होतो. पत्ती घालून बटण दाबले तर पाणी तापण्याची सात-आठ मिनिटे ती आतच भिजत राहते आणि शेवटी उकळत्या पाण्यात सापडते. कडू, तुरट घटक नको तितके उतरतात. आधी नुसते पाणी तापवावे, बटण बंद करावे, वायर काढावी आणि मगच गाळणी आत सोडावी.

दूध या बाटलीत घालूच नये. तळाच्या छोट्या तापत्या चकतीवर ते करपते, फेस वर येऊन झाकणातली वाफेची वाट बुजवतो आणि आतला दाब वाढतो. याच कारणाने पाणीही वरच्या खुणेपर्यंतच भरावे आणि तापताना वाफेची वाट उघडी आहे ना ते पाहावे.

पत्ती कोणती घ्यावी, या प्रश्नाला चेन्नईइतके सोपे उत्तर क्वचितच दुसऱ्या महानगरात असेल. निलगिरीचे चहामळे याच राज्यात आहेत. चेन्नई सेंट्रलहून रात्री निघालेली निलगिरी एक्सप्रेस सकाळी मेट्टुपालयमला, घाटाच्या पायथ्याशी पोहोचते. वर कुन्नूरला १९६३ पासून चहाचे लिलाव होतात. श्रीलंकेतून परत पाठवल्या गेलेल्या तमिळ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी सरकारने या डोंगरांत मळे लावले, आणि १९७६ पासून त्यांचा कारभार ‘टॅनटी’ या राज्य महामंडळाकडे आला. नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळत असल्याने निलगिरीत वर्षभर पाने खुडली जातात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सावकाश वाढलेल्या पानांचा सुगंध मात्र वेगळाच. पण इथला बहुतेक माल सीटीसी यंत्रांतून जातो. दाते असलेल्या रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, गोळी करून निघते, आणि त्यातला बारीक भुगा टपऱ्यांवर खपतो. तो भुगा बाटलीच्या जाळीतून सरळ खाली उतरतो, तळाशी चिकटतो आणि चहा गढूळ करतो.

बाटलीसाठी ‘ऑर्थोडॉक्स’ पद्धतीचा चहा घ्यावा. त्यात पान आधी सुकवून नरम करतात, मग वळतात, हवेत काळवंडू देतात आणि शेवटी वाळवतात. पान अखंड किंवा मोठ्या तुकड्यांत राहते, अर्क सावकाश सोडते आणि भिजल्यावर कित्येक पट फुगते. म्हणून गाळणी अर्ध्याहून कमीच भरावी. दाबून भरलेल्या पत्तीच्या मधल्या भागापर्यंत पाणी नीट पोहोचत नाही. निलगिरीच्या काळ्या चहाचा एक गुण चेन्नईच्या हवेला फारच मानवतो: थंड केला तरी तो सहसा गढुळत नाही. मे महिन्यात दुप्पट पत्तीचा दाट अर्क काढून भरपूर बर्फावर ओतला तर तांबूस, नितळ, गार चहा मिळतो. सायंकाळी तोच प्यावा.

प्रमाणाचा विचार करताना एक आंतरराष्ट्रीय मानक उपयोगी पडते. आयएसओ ३१०३ नुसार चहा पारखणारे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती घेतात आणि ती ६ मिनिटे मुरवतात. हा पारखीचा चहा, दोष उघडे पाडण्यासाठी मुद्दाम कडक केलेला. पिण्यासाठी ३५० मिलिलिटरला ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे मोठ्या पानाचे दोन शिगोशीग चमचे पुरेत. वेळेबाबत बाटलीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. चिनी मातीच्या किटलीत पाणी मुरता मुरता निवत जाते. दुहेरी भिंतीच्या बाटलीत ते लवकर निवत नाही, म्हणून अर्क त्याच जोराने उतरत राहतो. काळा चहा तीन मिनिटांत काढावा, फार तर चार. गाळणी बाहेर काढायला विसरले आणि बाटली तशीच घेऊन बसमध्ये चढले, तर उतरेपर्यंत चहा घशाखाली उतरेनासा होतो.

हिरव्या चहाला उकळते पाणी चालत नाही; ७० ते ८० अंश पुरे होतात. बाटलीवर ८० अंशांचा टप्पा नसेल आणि ती थेट उकळीच आणत असेल, तर त्यावर उपाय चेन्नईच्या प्रत्येक भांड्यांच्या दुकानात मिळतो. फिल्टर कॉफीच्या पितळी किंवा स्टीलच्या टंबलर-डबऱ्यात पाणी दोन-तीनदा खालीवर ओतावे. ते झपाट्याने निवते आणि मग त्यात पत्ती सोडता येते. उटीला फिरायला गेल्यावर अडचण उलटी होते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते. काळा चहा तिथे मिनिटभर जास्त मुरवावा लागतो.

चांगली पत्ती आणि अचूक वेळ साधूनही चहा बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे, आणि चेन्नईत पाण्याचा विषय टाळताच येत नाही. शहराला पुळल, पूंडी, चेंबरंबाक्कम यांसारखे तलाव, वीराणमची जलवाहिनी आणि मिंजूर व नेम्मेली इथले समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प पाणी पुरवतात. त्यात कृष्णेचेही पाणी आहे. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातले प्रत्येकी ५ टीएमसी पाणी या शहरासाठी देऊ केले, आणि १९९६ पासून ते कंडलेरूहून कालव्याने पूंडीला येऊ लागले. महाबळेश्वरला उगम पावलेल्या नदीच्या पाण्याचा अंश चेन्नईच्या चहात उतरतो, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावेल. पण कित्येक इमारतींत नळाला येते ते बोअरवेलचे पाणी. ते जड असते, किनाऱ्याकडच्या वस्त्यांत मचूळही.

जड पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. अशा पाण्यातल्या चहावर काही मिनिटांत तपकिरी, तुटक साय धरते. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ मायकेल स्पायरो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या सायीचा उलगडा केला: पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्या सोबतीने चहातले घटक पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि ती साय तयार होते. थोडे आम्ल घातले की ती धरत नाही. कोऱ्या चहात लिंबू पिळण्याच्या रिवाजाला असा रासायनिक आधार आहे. खोलीतल्या चहासाठी वीस लिटरच्या कॅनमधले पाणी वापरणे सर्वांत सोपे. त्यात क्षार कमी असतात, म्हणून चहाचा रंग उजळ येतो आणि सुगंध दबत नाही.

जड पाणी तापवत राहिले की बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. उष्णता त्या थरातून नीट पार होत नाही, तळ जास्त तापतो आणि हीटर वेळेआधीच बंद पडू लागतो. महिन्यातून एकदा चमचाभर लिंबूसत्त्व घालून पाणी उकळावे, अर्धा तास तसेच ठेवून ओतावे आणि मग नुसते पाणी एकदा उकळून टाकावे. तारेच्या घासणीने तळ खरवडू नये. झाकणाची सिलिकॉनची रिंग रोज सुटी करून धुवावी, कारण शिळा वास तिथेच मुरतो. बाटली पाण्यात बुडवणे तर वर्ज्यच. पत्तीलाही इथल्या दमट हवेपासून जपावे लागते. कोरडी पत्ती ओल पटकन शोषते आणि सुगंध गमावते, म्हणून पंधरा दिवसांपुरतीच छोट्या घट्ट डब्यात काढावी.

प्रवासासाठी म्हणून विकली जाणारी ही वस्तू प्रत्येक प्रवासात चालत नाही. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतले सॉकेट सहसा ११० व्होल्टचे आणि मोबाइल-लॅपटॉपसाठीच असतात. २३० व्होल्टची ३०० वॅटची बाटली तिथे जेमतेम ७० वॅटवर चालेल आणि अर्धा तास उलटला तरी पाणी उकळणार नाही. शिवाय आगीचा धोका असतो, म्हणून गाडीत तिला बंदीच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्यात किटलीवर खाणे शिजवल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा मध्य रेल्वेने ही सक्त मनाई पुन्हा बजावली. गाडीत चढण्यापूर्वी चहा करून, गाळणी काढून नुसता थर्मास म्हणून ती न्यायला हरकत नाही. वसतिगृहांतही अशा उपकरणांना बऱ्याचदा मनाई असते, ते आधी विचारून घ्यावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी भेट दिलेली बाटली भारतात लावण्यापूर्वी तिच्या तळावरचे आकडे वाचावेत. ती फक्त ११० ते १२० व्होल्टची असेल, तर इथल्या २३० व्होल्टवर तिचा हीटर चौपट ताकदीने तापतो आणि जळतो. पिन बदलणारे साधे अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. बॅटरीवर पाणी उकळणाऱ्या बाटल्यांबद्दलही हिशेब मांडून पाहावा. ३५० मिलिलिटर पाणी उकळायला जवळजवळ २९ वॅट-तास लागतात, तर १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सगळी मिळून सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. एका वेळच्या चहात ती जवळपास रिकामी होते. अशी बाटली विमानात न्यायची तर लिथियम बॅटरीला १०० वॅट-तासांची मर्यादा आहे, आणि सुटी काढता येणारी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी लागते.