परमुलखात मन रुजायला वेळ लागतो



पऱ्हे उपटून बांधीत रोवले की पहिले आठ-दहा दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. नवखा माणूस घाबरतो. जाणता शेतकरी मात्र बांधीतले पाणी उथळ ठेवतो आणि थांबतो. रोपाला रोग झालेला नसतो, ते नव्या मातीत मूळ शोधत असते. आपला देश सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाचेही असेच होते. त्याचे उदाहरण शोधायला फार दूर जायला नको. ते आपल्याच गोंदिया जिल्ह्यात आहे.

नागझिऱ्याच्या जंगलाच्या दक्षिणेला नवेगावबांधचे जंगल आहे. २०१३ साली ही दोन्ही जंगले मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्याही पुढे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव लागते. तिथली तिबेटी वसाहत आपण ‘तिबेटी कॅम्प’ म्हणून ओळखतो. तिचे नाव नोरग्येलिंग. १९७२ साली ती वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबे हिमालय ओलांडून आली. अनेकांनी आधी निर्वासितांच्या छावण्यांत दिवस काढले, डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडली. पुढे देशात ठिकठिकाणी त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकीच ही एक.

काय काय तुटले?

ह्या माणसांचा मुलूख समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवरचा. तिथे थंडी, कोरडी हवा, जवाची शेती आणि याक-मेंढ्यांचे कळप. इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, आषाढात गुडघाभर चिखल होतो आणि साप-विंचवांची भीती असते. जवाच्या भाजलेल्या पिठावर आणि लोणी-मीठ घातलेल्या चहावर वाढलेल्या माणसापुढे भाताचे ताट आले. ज्याने जन्मात धानाची बांधी पाहिली नव्हती, त्याला पावसाच्या मुलखात शेती शिकावी लागली.

पण ऊन आणि चिखल अंगवळणी पडतात. त्याहून अवघड असते ते मनातले. म्हातारे आईबाप मागे राहिले, त्यांची खबर नाही. बाजारात बोलावे तर भाषा नाही. आपल्या गावी जो शहाणा म्हणून ओळखला जात होता, तो इथे मुक्या माणसासारखा बोट दाखवून मीठ मागतो. त्यातून येणारा कमीपणा माणूस कुणाला सांगत नाही. शिवाय ‘लवकरच परत जायचे आहे’ ही आशा. ती जगायला बळ देते, पण इथले घर पक्के बांधू देत नाही, फळझाड लावू देत नाही. एक पाय तिकडे, एक पाय इकडे, अशी मनाची ओढाताण वर्षानुवर्षे चालते.

वय झालेले पऱ्हे रोवले तर फुटवे कमी धरते, हे आपण जाणतो. म्हाताऱ्यांचे तसेच होते. लहान मुले शाळेत जाऊन सहा महिन्यांत भाषा उचलतात, आजोबांना मात्र दुकानात नातवाला बरोबर न्यावे लागते. अशा वेळी म्हातारा चिडचिडा झाला, तर तो स्वभाव बिघडल्यामुळे नव्हे, एवढे घरच्यांनी ओळखावे.

काय उपयोगी पडले?

पऱ्हे उपटताना मुळाशी थोडी माती राहिली तर रोप लवकर सावरते. तिबेटी कुटुंबांनी आपल्या मुळाची माती टाकली नाही. घरात आपली भाषा ठेवली, वसाहतीत गोम्पा उभारला. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांचे नवे वर्ष, लोसार, येते. आपल्याकडे जवळच्या प्रतापगडला महाशिवरात्रीची जत्रा भरते, ती बहुधा ह्याच दिवसांत. आपला सण आपल्या माणसांत साजरा झाला की परका मुलूखही थोडा आपला वाटू लागतो.

दुसरा आधार कामाचा. रिकाम्या हाताला मागचे फार आठवते. हे लोक शेती शिकले आणि हिवाळ्यात नागपूरसारख्या शहरांत स्वेटर विकू लागले. त्यांच्याकडून स्वेटर घेतले नाही असे घर विदर्भात विरळाच. व्यवहारातून चार माणसे ओळखीची झाली, भाषाही त्यातूनच आली.

ह्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर ही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून उठलेली ही माणसे. त्यांना इथे भात आणि मासळी दोन्ही ओळखीची भेटली. तोंडची चव ओळखीची असली तर पहिले दिवस जरा सोपे जातात. पण गाव सुटल्याचे दुःख भाताने भरून निघत नाही. म्हणून त्यांनीही आपली दुर्गापूजा आणि आपली बोली जपली.

शेजाऱ्याचे काम

नव्या माणसाला सगळ्यांत मोठा आधार शेजाऱ्याचा असतो. त्याला मोठी मदत लागते असे नाही. बाजाराचा दिवस कोणता, दवाखाना कुठे, पाणी कोणत्या विहिरीचे गोड, हे सांगणारा एक माणूस पुरे. त्याच्या बोलण्याला हसू नये. ‘तुमच्याकडे हे कसे करतात?’ असे एकदा विचारावे. कुणी आपल्या गावाबद्दल विचारले की माणसाला पुन्हा किंमत आल्यासारखे वाटते.

आपल्या घरासाठी

आज तिबेटी वसाहतींमधली तरुण मुलेही परदेशी जातात आणि ज्यांनी एकदा घर सोडले ते आईबाप मागे राहतात. आपल्याही गावांतून मुले आखाती देशांत कामाला जातात, मुली लग्न होऊन परदेशी जातात. अशा घरांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. पहिले काही महिने रडू येणे, झोप न लागणे, जेवण न जाणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ‘एवढे पैसे खर्चून गेलास, आता रडतोस काय?’ असे फोनवर म्हणू नये.

२. निघताना शिदोरीत चटणी-पापड द्यावे. पण तिकडच्या भाषेतली रोजच्या कामाची पन्नास वाक्ये आधीच पाठ करून घ्यावीत.

३. फोनचा वार आणि वेळ ठरवावी. दिवसभर फोनला चिकटलेला माणूस तिथल्या लोकांत मिसळत नाही.

४. ‘सगळे ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. काय जेवलास, कुणाशी बोललास, सुटीच्या दिवशी कुठे गेलास, असे विचारावे.

५. मागे राहिलेल्या आईबापांचेही मन सुने पडते. त्यांना भजनी मंडळात, बचत गटात, शेतीच्या कामात गुंतवावे.

उदासी दोन आठवडे हटली नाही, कामात लक्षच लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र वाट पाहू नये. गावाकडे असलेल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. परदेशी असलेल्याला तिथल्या डॉक्टरकडे जायला सांगावे आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला त्याच्यासोबत पाठवावे. अंगात ताप असला की आपण दवाखाना गाठतो. मनाच्या तापालाही तोच नियम लावावा.

नोरग्येलिंगला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तिथे जन्मलेल्यांनी तिबेट डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी लोसार चुकत नाही. मागचे विसरल्याशिवाय नवे आपले होत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या शेजारच्या ह्या माणसांकडे पाहून तो सोडून द्यावा. आठवण राहू द्यावी आणि दाराशी फळझाडही लावावे.